शंका तुमच्या, उत्तरं आमची : पोकळी, चुंबक आणि गुरुत्व

गेल्या अंकात निर्वात पोकळीवर लेख आला होता. हवा, धूळ, उष्णता, प्रकाश, सगळं काढून घेतलं तरी विद्युतचुंबकीय क्षेत्र पुरतं शांत होत नाही, किमान पातळीचे चढउतार उरतातच आणि त्यांचे परिणाम मोजता येतात, एवढाच त्याचा गाभा. त्यावर सीमाभागातून बरीच पत्रं आली. त्यांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या टूलरूममध्ये स्लिप गेज एकमेकांवर घासून बसवले की हाताने ओढूनसुद्धा सुटत नाहीत. लेखातला कॅसिमिर परिणाम तो हाच काय?
— एक टूलरूम कारागीर, उद्यमबाग, बेळगाव

थोडा वाटा आहे, पण मुख्य कारण ते नव्हे. आकडे मांडून पाहू.

हेंड्रिक कॅसिमिर यांनी १९४८ साली दाखवलं की विद्युतभार नसलेले दोन धातूचे पत्रे अगदी जवळ समांतर धरले तर ते एकमेकांकडे ओढले जातात. दोन पत्र्यांमधल्या फटीत ठराविक लांबीच्या लहरींनाच जागा मिळते, बाहेर सगळ्यांना मिळते. या फरकाचा दाब पडतो. अंतर १ मायक्रॉन असेल तर दाब जेमतेम ०.००१३ पास्कल. पण अंतराच्या चौथ्या घाताने तो बदलतो, म्हणजे फट निम्मी केली की दाब सोळापट. ०.१ मायक्रॉनला तो १३ पास्कल होतो आणि १० नॅनोमीटरला वातावरणाच्या दाबाच्याही थोडा वर जातो.

आता तुमचे गेज, म्हणजे नेमक्या मापाचे गुळगुळीत पोलादी ठोकळे. नीट बसलेल्या जोडातली फट २५ नॅनोमीटरच्या घरात असते. ९ × ३५ मिलिमीटरच्या तोंडावर या अंतराला कॅसिमिर ओढ सुमारे १ न्यूटन, म्हणजे शंभर ग्रॅम वजनाएवढी येते. तीसुद्धा पत्रे आदर्श परावर्तक धरले तर. पोलाद तसं नाही, त्यामुळे प्रत्यक्षात निम्म्याहून कमी धरा. हवेचा दाब त्याच तोंडावर सव्वातीन किलोएवढा जोर देतो. पण नीट बसलेला जोड सरळ ओढून काढायला याहून कितीतरी जास्त जोर लागतो, आणि निर्वात भांड्यात ठेवला तरी तो सुटत नाही. तेव्हा हवेचाही मान मोठा नाही. खरं काम करतो तेलाचा किंवा बाष्पाचा अतिपातळ थर, आणि जिथे धातूचे उंचवटे प्रत्यक्ष टेकतात तिथली रेणूंमधली ओढ. ही दुसरी ओढ आणि कॅसिमिर परिणाम एकाच मुळाचे आहेत, म्हणून तुमची शंका अगदीच बिनबुडाची नाही.

जाता जाता कामाची गोष्ट. गेज बसेनासे झाले तर आधी चुंबकत्व तपासा. ग्राइंडिंगच्या मॅग्नेटिक चकवर ठेवलेल्या गेजमध्ये थोडं चुंबकत्व उरतं, लोखंडाची बारीक भुकटी कडेला धरते आणि तोंडावर ओरखडे पडतात. डीमॅग्नेटायझरमधून गेज हळू काढून हातभर लांब न्यायचा आणि मगच बटण बंद करायचं. गेज आत असताना बटण बंद केलं तर चुंबकत्व जायच्या ऐवजी पक्कं बसतं. ही चूक सर्रास होते.

प्रश्न : आमच्या गावात एक जण “शून्यबिंदू ऊर्जेवर” चालणारा पाच किलोवॉटचा जनरेटर विकतोय. आत नुसते चुंबक आहेत, डिझेल नको, ऊन नको म्हणतोय. विहिरीच्या मोटरीसाठी घ्यावा काय?
— एक शेतकरी, निपाणी परिसर

घेऊ नका. थ्री फेज कधी येते आणि कधी जाते हे बघता असल्या जाहिरातीला माणूस भुलतो, हे आम्हाला समजतं. पण हिशेब असा आहे.

शून्यबिंदू ऊर्जा म्हणजे पोकळीत उरणाऱ्या त्या किमान चढउतारांची ऊर्जा. तिच्यातून काम करून घेण्याचा प्रयोगांनी सिद्ध झालेला मार्ग म्हणजे वरचे कॅसिमिरचे पत्रे. एक चौरस मीटरचे दोन पत्रे १ मायक्रॉनपर्यंत जवळ येऊ दिले तर सगळी मिळून ऊर्जा मिळते ०.४३ नॅनोजूल. गोकाकचा धबधबा ५२ मीटरचा. तिथून पडणारा पाण्याचा एक थेंब सुमारे ०.०२५ जूल देतो. म्हणजे घटप्रभेच्या एका थेंबाची बरोबरी करायला सहा कोटी चौरस मीटर आरशासारखा पत्रा लागेल, तोही मायक्रॉनभर अंतरावर कुठेही न टेकता. आणि ही ऊर्जा एकदाच मिळते. पुन्हा मिळवायची तर पत्रे लांब करावे लागतात, त्याला तेवढीच ऊर्जा खर्च होते. चक्र पूर्ण झालं की हाती शून्य.

चुंबकाचंही तेच. एक किलो निओडिमियम चुंबकाच्या बाहेरच्या क्षेत्रात फार तर २०-२५ जूल ऊर्जा साठलेली असते. गोकाकहून पडणारं एक लिटर पाणी ५०० जूल देतं! चुंबक चाकाला जवळ येताना ओढतो आणि लांब जाताना तेवढाच अडवतो. एका पूर्ण फेऱ्यात निव्वळ काम होत नाही, मांडणी कितीही गुंतागुंतीची केली तरी.

विक्रेता प्रात्यक्षिक दाखवेल. नऊ वॉटचे दहा एलईडी दिवे अर्धा तास पेटवणं म्हणजे काहीच नाही. इन्व्हर्टरची १२ व्होल्ट १५० एएच बॅटरी पावणेदोन युनिट साठवते आणि तेवढे दिवे बारा-पंधरा तास सहज चालवते. तुम्हाला तपासायचंच असेल तर अट घाला: यंत्र तुमच्या अंगणात, लाकडी टेबलावर, चारी बाजूंनी आणि खालून दिसेल असं ठेवायचं. एकही वायर बाहेरून आत नको, अर्थिंगचीसुद्धा नको, कारण त्या वाटेने विजेची ये-जा करणं हा जुना डाव आहे. त्यावर एक किलोवॉटचा हीटर सलग तीन दिवस चालवायचा आणि मध्ये साधा वीजमीटर लावायचा. बहात्तर युनिट व्हायला हवेत. एवढी वीज लपवलेल्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांतून काढायची तर चाळीसेक बॅटऱ्या, म्हणजे दोन टनांच्या आसपास वजन लागेल. लिथियमच्या घेतल्या तरी काही क्विंटल. दोघांनी उचललं जाणारं यंत्र या परीक्षेला उतरणार नाही. अट ऐकून विक्रेता पुन्हा फिरकला नाही, तर समजून घ्या.

आगाऊ रक्कम मात्र परीक्षेआधी देऊ नका. “बुकिंग” म्हणूनही नाही.

प्रश्न : प्रबळ चुंबकीय क्षेत्रात पोकळी काचेसारखी वागते असं वाचलं. गुरुत्वही पोकळीवर तसाच परिणाम करतं काय? दोन्ही एकत्र असतील तर कोण वरचढ?
— बी.एस्सी.चा विद्यार्थी, बेळगाव

प्रश्न फार चांगला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

चुंबकाचा भाग आधी. हायझेनबर्ग आणि ऑयलर यांच्या १९३६ सालच्या सिद्धांतातून निघतं की पोकळीत क्षणभर उपजणाऱ्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉन आणि त्याचा धनभारित जोडीदार) जोड्यांमुळे चुंबकीय क्षेत्रातली पोकळी प्रकाशाला दोन अपवर्तनांक (प्रकाश किती मंदावतो याची मापं) दाखवते. प्रकाशाच्या विद्युतक्षेत्राची दिशा चुंबकीय क्षेत्राला समांतर असेल तर एक, काटकोनात असेल तर दुसरा. दोहोंतला फरक क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि १ टेस्लाला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) तो असतो ४ गुणिले १० चा उणे २४ वा घात. बेळगावात पृथ्वीचं क्षेत्र ४० मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. तिथे हा फरक १० चा उणे ३२ वा घात याच्याही खाली जातो.

हे मोजायचा नेटाचा प्रयत्न इटलीतल्या फेरारा इथे पीव्हीएलएएस या प्रयोगात झाला. २.५ टेस्लाचे दोन कायम चुंबक, मिळून १.६४ मीटर लांब, प्रकाशाच्या वाटेभोवती गरगर फिरवायचे. वाट दोन अतिशय चकचकीत आरशांच्या मध्ये. त्यामुळे प्रकाश तीच वाट साडेचार लाखांच्या पटीत कापतो. चुंबक फिरवायचा तो एवढ्याचसाठी, की हवा असलेला संकेत चुंबकाच्या फेऱ्यांच्या दुप्पट वारंवारितेला येतो आणि बाकी गोंधळातून वेगळा काढता येतो. इतकं करून प्रकाशाच्या ध्रुवीकरणात (म्हणजे त्याच्या विद्युतक्षेत्राच्या ठराविक दिशेत) जो लंबवर्तुळीपणा येईल तो फक्त ५ गुणिले १० चा उणे ११ वा घात रेडियन.

बिघडतं कुठे, हे बघण्यासारखं आहे. पहिली अडचण उरलेल्या वायूची. नायट्रोजनसुद्धा चुंबकीय क्षेत्रात असाच दुहेरी अपवर्तनांक दाखवतो, आणि वातावरणाच्या दाबाला त्याचा परिणाम पोकळीच्या सुमारे साठ अब्ज पट असतो. म्हणजे नळीतला नायट्रोजन एका मिलिबारच्या दहा कोटींतल्या एखाद-दोन भागांवर आला तरी तो पोकळीएवढाच मोठा संकेत देतो. त्याच्याही बरंच खाली जावं लागतं. उलट हेलियमचा परिणाम अगदी लहान आणि नेमका माहीत असलेला, म्हणून मोजलेल्या दाबाचा हेलियम भरून उपकरणाची खातरजमा करतात. दुसरी अडचण आरशांवरच्या लेपाची: उष्णतेमुळे त्यात स्वतःचेच बारीक दुहेरी अपवर्तन चढउतार होत राहतात. शेवटी प्रयोग अडला तो इथेच. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अंतिम निष्कर्षात अनिश्चितता अपेक्षित किमतीच्या सातेक पट उरली. पंचवीस वर्षांच्या कामानंतर एवढं जवळ पोचणं ही आमच्या मते मोठीच मजल आहे, आणि त्याला अपयश म्हणणाऱ्यांनी आधी वरचे आकडे पुन्हा वाचावेत.

प्रयोगशाळेत जे अडलं ते मॅग्नेटार नावाचे, प्रचंड चुंबकीय क्षेत्राचे न्यूट्रॉन तारे (अतिशय घट्ट दाबले गेलेले मृत तारे) सोपं करतात. ४.४ गुणिले १० चा ९ वा घात टेस्ला या क्षेत्राला क्रांतिक क्षेत्र म्हणतात. तिथपासून पोकळीचे हे परिणाम किरकोळ राहत नाहीत. ४यू ०१४२+६१ या मॅग्नेटारचं क्षेत्र त्याच्या सुमारे तिप्पट आहे. डिसेंबर २०२१ मध्ये सोडलेल्या आयएक्सपीई या उपग्रहाने त्याच्या क्ष-किरणांचं ध्रुवीकरण मोजलं, तेव्हा कमी ऊर्जेच्या किरणांची ध्रुवीकरणाची दिशा जास्त ऊर्जेच्या किरणांपेक्षा ९० अंशांनी वेगळी निघाली. त्याआधी चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने आरएक्स जे१८५६.५-३७५४ या न्यूट्रॉन ताऱ्याच्या दृश्य प्रकाशात १६ टक्क्यांच्या आसपास ध्रुवीकरण टिपलं होतं. पोकळी नुसती रिकामी असती तर ताऱ्याच्या निरनिराळ्या भागांवरून आलेला, निरनिराळ्या दिशांनी ध्रुवित झालेला प्रकाश एकमेकांना बऱ्याच अंशी खोडून काढता. पण ताऱ्याभोवतीची पोकळी ध्रुवीकरणाची दिशा स्थानिक चुंबकीय क्षेत्राला बांधून बरंच दूरपर्यंत वळवत नेते. तोवर क्षेत्राच्या दिशांची गुंतागुंत कमी झालेली असते, त्यामुळे बेरीज मोठी राहते. या दोन्ही निरीक्षणांवर ताऱ्याच्या पृष्ठभागाचं स्वरूप काय धरायचं याची चर्चा चालू आहे. पण पोकळीचा परिणाम वगळून हिशेब जुळवणं अवघड जातं.

आता गुरुत्व. ते इथे दोन वेगळ्या वाटांनी येतं आणि विद्यार्थी नेमकी इथे गल्लत करतात.

पहिली वाट सरळ आहे आणि तिचा परिणाम ढोबळ आहे. सूर्याच्या १.४ पट वस्तुमान १२ किलोमीटर त्रिज्येत कोंबलेल्या ताऱ्यावरून निघालेला प्रकाश बाहेर पडताना सुमारे एक पंचमांश ऊर्जा गमावतो. तो इतका वाकतो की आपल्याला ताऱ्याचा अर्धा नव्हे तर जवळपास तीन चतुर्थांश पृष्ठभाग दिसतो. शिवाय लांबून मोजलेल्या चुंबकीय आघूर्णावरून (चुंबकाच्या एकूण ताकदीवरून) पृष्ठभागाजवळचं क्षेत्र काढायचं तर वक्र अवकाशात ते सपाट अवकाशापेक्षा जास्त येतं. ध्रुवीकरणाचा हिशेब करणारा हे तिन्ही बदल धरतोच. धरले नाहीत तर कोणत्या भागातून किती प्रकाश आला हेच चुकतं.

दुसरी वाट खरी तुमच्या प्रश्नाची: गुरुत्व पोकळीतल्या त्या जोड्यांवरच परिणाम करतं का? करतं. ड्रमंड आणि हॅथ्रेल यांनी १९८० साली हा हिशेब केला. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन जोडीला काही पसारा असतो, इलेक्ट्रॉनच्या कॉम्प्टन लांबीएवढा. त्या पसाऱ्यावर अवकाशाची वक्रता एकसारखी पडत नाही, म्हणून प्रकाशाचा वेग ध्रुवीकरणानुसार किंचित बदलतो. ताऱ्यापासून थेट त्रिज्येच्या दिशेने निघालेल्या किरणावर परिणाम शून्य, आडव्या जाणाऱ्यावर असतो. एका ध्रुवीकरणाला वेग जरा कमी, दुसऱ्याला चक्क जरा जास्त. जास्त म्हटल्यावर सापेक्षता मोडली असं समजू नका. तो कमी वारंवारितेच्या लहरींचा कलावेग, म्हणजे लहरीच्या शिखरांचा वेग आहे. लहरीचं सर्वांत पुढचं टोक नेहमीच्या प्रकाशवेगापुढे जात नाही, आणि संदेश पोचवतं ते टोकच.

वरचढ कोण, ते आता स्वतः काढा. गुरुत्वाच्या परिणामाची पट मिळते सूक्ष्म संरचना स्थिरांक (सुमारे १/१३७), कॉम्प्टन लांबीचा वर्ग आणि वक्रता यांच्या गुणाकारातून. लांबी ३.८६ गुणिले १० चा उणे १३ वा घात मीटर घ्या. न्यूट्रॉन ताऱ्याची वक्रता १० चा उणे ९ वा घात प्रति चौरस मीटर. उत्तर १० चा उणे ३६ वा घात किंवा त्याहून कमी. त्याच ताऱ्याच्या १० अब्ज टेस्लाच्या क्षेत्राने होणारा फरक दहा हजारांत एखाद-दोन भागांच्या घरात. मध्ये तीसहून जास्त शून्यांचं अंतर आहे. तेव्हा मॅग्नेटारजवळ पोकळीला वळण लावतं ते चुंबकीय क्षेत्र. गुरुत्व प्रकाशाची वाट वाकवतं, पोकळीला जवळजवळ हात लावत नाही.

प्रश्न : पोकळीत ऊर्जा आहे, ऊर्जेला वस्तुमान आहे. मग पोकळीला वजन किती?
— एक शिक्षक, चिकोडी

इथे भौतिकशास्त्राची सर्वांत मोठी विसंगती आहे. विश्वाच्या प्रसरणावरून काढलेली पोकळीची ऊर्जा घनमीटरला अर्ध्या नॅनोजूलच्या आसपास येते. सगळ्या लहरींचे चढउतार प्लँक लांबीपर्यंत (आजच्या सिद्धांतांना अर्थ उरतो त्या सर्वांत लहान लांबीपर्यंत) बेरजेत धरले तर उत्तर त्याच्या १० चा १२० वा घात पटींहून मोठं निघतं. हा हिशेब कुठे चुकतो हे अजून कोणी पटेल असं दाखवलेलं नाही.

बेरीज बाजूला ठेवून फरकाचं वजन विचारलं तर उत्तर नेमकं आहे. कॅसिमिरच्या पत्र्यांमधली ऊर्जा ऋण असते. एक चौरस मीटर, १ मायक्रॉन अंतर अशी जोडी त्यामुळे सुमारे तीन प्रोटॉनांएवढी हलकी भरायला हवी. सिद्धांत सांगतो की ही ऋण ऊर्जाही इतर कुठल्याही ऊर्जेसारखीच गुरुत्वात वागते. ते तराजूवर तपासायचा प्रयोग सार्डिनिया बेटावरच्या सोस एनात्तोस या जुन्या खाणीत उभा राहतो आहे, नाव आर्किमिडीज. उच्च तापमानाच्या अतिवाहकात (विरोधाशिवाय वीज वाहू देणाऱ्या पदार्थात) थर असतात, ते कॅसिमिरच्या पत्र्यांसारखे वागतात. तापमान संक्रमणबिंदूच्या (पदार्थ अतिवाहक होतो त्या तापमानाच्या) खालीवर करत राहायचं आणि वजन त्याच तालात बदलतं का पाहायचं. खाण निवडली ती जमिनीचं कंपन तिथे फार कमी म्हणून.

प्रश्न : त्वरण असलेल्याला पोकळी उबदार भासते म्हणे. आपण जमिनीवर उभे म्हणजे ९.८ त्वरण आहेच. मग?
— अथणी

त्वरणाचा अनरूह परिणाम त्या किमतीला ४ गुणिले १० चा उणे २० वा घात केल्विन तापमान देतो. पण जमिनीवर उभं राहिलेल्याला तेवढंही मिळत नाही. तारा किंवा ग्रह स्थिर असेल तर त्याच्याभोवतीची पोकळी स्थिर निरीक्षकाला रिकामीच दिसते. त्वरण आणि गुरुत्व सारखंच भासतं हे समतुल्यता तत्त्व स्थानिक आहे, आणि पोकळीची अवस्था ठरते ती सगळ्या परिसरावरून. कृष्णविवराचं वेगळं, कारण तिथे क्षितिज, म्हणजे ज्याच्या आतून काही बाहेर येत नाही अशी सीमा आहे.

प्रश्न : दहावीच्या विज्ञान प्रदर्शनात पोकळीचं हे दुहेरी अपवर्तन दाखवता येईल काय?
— विद्यार्थी, खानापूर

पोकळीचं येणार नाही, पण मोजणी कशी करतात ते दाखवता येतं. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसाचा “पोल” (साखरेचं प्रमाण) काढतात त्याच धर्तीवर. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा २० सेंटिमीटर तुकडा घ्या, दोन्ही तोंडांना काचपट्टी सिलिकॉनने चिकटवा आणि एक दिवस वाळू द्या. भरायला मध्यावर वरून छिद्र ठेवा. २० ग्रॅम साखर पाण्यात विरघळवून एकूण १०० मिलिलिटर करा, कापसातून गाळा आणि बुडबुडा न ठेवता भरा. गूळ नको, रंगामुळे प्रकाशच पोचत नाही. जुन्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरची ध्रुवक फिल्म दोन्ही बाजूंना लावा, एका फिल्मला कोनमापक बसवा. लाल एलईडी वापरा. लेझर नको, त्याचा प्रकाश बरेचदा आधीच ध्रुवित असतो आणि वाचन फसतं. आधी साधं पाणी भरून अंधाराचा कोन नोंदवा, मग साखरपाणी. फरक २२-२३ अंश यायला हवा. सोडियमच्या पिवळ्या दिव्याला २६-२७.

साखर ध्रुवीकरणाची दिशा फिरवते, दुहेरी अपवर्तन करत नाही. ते दाखवायला त्याच दोन फिल्ममध्ये पारदर्शक सेलोटेपचे तिरपे थर दिलेली काच धरा आणि पांढरा प्रकाश सोडा. रंग उमटतात, काच फिरवली की बदलतात. साखरेची नळी आसाभोवती फिरवली तर काहीच बदलत नाही. परीक्षकांना हा भेद आधी दाखवा. तक्त्यावर पीव्हीएलएएसचा कोन आणि तुमचा कोन शेजारी शेजारी लिहा.

प्रश्न : एमआरआय मशीनच्या चुंबकीय क्षेत्राला वजन असतं काय?
— शहापूर, बेळगाव

असतं. दीड टेस्लाच्या क्षेत्रात घनमीटरला नऊ लाख जूल ऊर्जा, म्हणजे १० नॅनोग्रॅम. मॅग्नेटारच्या १०० अब्ज टेस्लाच्या क्षेत्राचं हेच गणित शिशाच्या घनतेच्या चाळीस लाख पट येतं. आणि अतिवाहक चुंबकाच्या मशीनचं क्षेत्र स्कॅन चालू नसतानाही चोवीस तास असतं. खोली रिकामी आणि शांत दिसली तरी लोखंडी वस्तू घेऊन आत जाऊ नका.